पोलंडवाल्याच्या रानात मेंढरं

सासऱ्यांना हसवणं म्हणजे काही मोठं काम नव्हे, असं मी बायकोला छातीठोकपणे सांगून बसलो होतो. आठ दिवसांत मामा या हॉलमध्ये खदाखदा हसले नाहीत तर नाव बदलीन, असंही म्हणालो. मोहिनीने फक्त तव्यावरची भाकरी उलटली. मी नाव बदलण्याची धमकी इतक्या वेळा दिली आहे की घरात तिला आता कोणी भीक घालत नाही.

माझे सासरे धुळाजी हे चकलांब्याकडचे. उभा जन्म मेंढरांमागे गेला. मग गुडघ्याने दगा दिला, डॉक्टरांनी रानोमाळ हिंडणं बंद केलं आणि मेव्हण्यांनी कळप विकून टाकला. मेंढरांचा टेम्पो वळणावरून दिसेनासा झाला त्या दिवसापासून मामांनी बोलणंच सोडलं. हवापालट व्हावी म्हणून मोहिनीने त्यांना आमच्याकडे माजलगावला आणलं. हवा पालटली, पण मामा काही पालटले नाहीत. सोफा सोडून खाली घोंगडी टाकायचे, भिंतीकडे बघत बसायचे आणि अर्धी भाकरी ताटात ठेवून उठायचे. मोहिनी शाळेत शिकवायला जाताना रोज दारात थांबून त्यांच्याकडे बघायची, तेव्हा मला फार वाईट वाटायचं.

आता थोडं माझ्याविषयी. मी अंगद. दिवसभर कृषी सेवा केंद्रात खताची पोती विकतो आणि संध्याकाळी घरी येऊन टीव्हीला जोडलेल्या गेमच्या डब्यावर पुन्हा शेतीच करतो. पण हा पोरासोरांचा खेळ नाही, बरं का! इंटरनेटवरून देशोदेशीची माणसं एकाच शिवारात शेती करतात. त्या शिवाराला पंच आहेत आणि त्या पंचांत अख्ख्या बीड जिल्ह्यातून मी एकटा! 'बीडचा वाघ' म्हटलं की जर्मनीपासून ब्राझीलपर्यंत लोक ट्रॅक्टर बाजूला घेतात. दुसऱ्याच्या रानात पाऊल टाकायचं नाही, हा शिवाराचा पहिला नियम मीच लिहिलेला. एकदा एका ब्राझीलवाल्याच्या ट्रॅक्टरचं मागचं चाक बांध ओलांडून आत गेलं, तर मी त्याला शिवाराबाहेर काढलं होतं. बिचारा फार गयावया करत होता, पण नियम म्हणजे नियम.

या खेळाची एक गंमत आहे. ट्रॅक्टर घेतला तरी नांगर वेगळा घ्यावा लागतो, तसं मूळ खेळ घेतल्यावर पुढची मजा वेगळी विकत घेऊन डाउनलोड करावी लागते. त्याला म्हणतात डीएलसी. नेमकं त्याच महिन्यात मेंढपाळाचं डीएलसी आलं होतं. माझी ट्यूब पेटली! मामांना मेंढरं पाहिजेत, मेंढरं पडद्यावर येतात, मग अडलं कुठे? डाउनलोड सुरू केलं की लाईट जायची आणि लाईट आली की नेट जायचं, तरी मी चिकाटी सोडली नाही. शेवटी कळप पडद्यावर उतरला.

मामा घोंगडीसकट टीव्हीकडे सरकले. बराच वेळ नुसते बघत राहिले.

"जावईबापू, ह्यांना कोंडून कशापायी ठिवलंय?"

त्या महिन्यातलं हे त्यांचं पहिलं पुरं वाक्य. मोहिनी हातातलं पीठ तसंच घेऊन बाहेर आली. मी समजावून सांगितलं की इथे मेंढरं शेडमध्ये ठेवतात आणि चारा विकत आणून घालतात. मामांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्यांनी मुलगी नक्की कोणाच्या घरात दिली, हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच पडला असावा. मग त्यांनी हात पुढे केला. मी कंट्रोलर दिला. जेवायची वेळ होईपर्यंत फाटक उघडलेलं होतं आणि मेंढरं रस्त्याला लागली होती. मी स्वतःवर बेहद्द खूश झालो आणि दुसऱ्या दिवशी डबा त्यांच्या ताब्यात देऊन कामावर गेलो.

दुकानात एका गिऱ्हाईकाला युरिया दाखवत असताना मोबाइलवर निरोप आला. पोलंडच्या मारेकने लिहिलं होतं, 'तुझ्या मेंढ्या माझ्या गव्हाच्या रानात आहेत.'

मला दरदरून घाम फुटला. पहिला नियम! आणि तोही मीच लिहिलेला! पोट दुखतंय सांगून घर गाठलं. बघतो तर मामा मांडी ठोकून टीव्हीसमोर बसलेले आणि चेहरा लग्नघरातल्या यजमानासारखा फुललेला.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे पीक निघालं की मेंढपाळ मोकळ्या रानात कळप बसवतो. मेंढरं पडलेलं काड खातात, रानाला लेंडीखत मिळतं आणि मालक खुशीने धान्य देतो. यात चोरी नाही, उलट शेतकरी आपणहून बोलावणं धाडतात. मामांना पोलंडवाल्याचं कापलेलं रान दिसलं आणि त्यांनी रीतीप्रमाणे मेंढरं बसवली.

मी विचारलं, "मामा, पण मालकाला विचारायचं तरी!"

"इचारलं की," मामांनी कानावरचा हेडफोन सरळ केला. "बांधावर थांबून हाळी दिली. त्यो काय तरी बोलला, मग मी बोललो. लई येळ बोललो आमी. माणूस चांगला हाय."

"काय म्हणाला तो?"

"त्याची बोली मला येती व्हय?"

मी थांबवणारच होतो. पण शाळा सुटून आलेल्या मोहिनीने मला स्वयंपाकघरात ओढलं आणि रिकामं ताट दाखवलं. तिच्या आबांनी दोन भाकरी खाल्ल्या होत्या आणि वर पिठलं मागून घेतलं होतं. तिचे डोळे भरून आले होते. आता या माणसाला मी कोणत्या तोंडाने सांगणार, की मेंढरं कोंडा?

म्हणून मी माझं डोकं चालवलं. दिवसा मामा फिरवतील, संध्याकाळी ते जेवायला बसले की मी गुपचूप मेंढरं शेडमध्ये आणीन, म्हणजे पंचांच्या डोळ्यांवर यायचं नाही. पण मेंढरं मला जुमानेनात. शिट्टी मारली तर माझ्याकडे पाठ करायची. मग मी ट्रॅक्टर काढला आणि कर्कश हॉर्न वाजवत त्यांच्या मागे लागलो. मेंढरं चौफेर उधळली! पंचांचा मुख्य, जर्मनीचा युर्गन, याचं कुंपण आडवं झालं. मारेकने रचून ठेवलेल्या गवताच्या गाठी गडगडत ओढ्यात गेल्या. मी घाबरून शिवारातल्या सगळ्यांवर ओरडलो, मेंढरं कशीबशी कोंडली आणि मामा हात धुऊन यायच्या आत टीव्ही बंद केला. पुढचे काही दिवस रोज हेच चाललं.

मामा मात्र रोज सकाळी शेडमधली बिथरलेली मेंढरं बघून विचारात पडायचे.

"जावईबापू, ह्या शिवारात लांडगं शिरलंय," एकदा ते गंभीरपणे म्हणाले. "सांच्याला मेंढरं बिथरत्यात."

मी खालमानेने चहा प्यालो.

शनिवारी युर्गनचा निरोप आला. 'मेंढ्यांच्या प्रकरणावर उद्या बैठक. हजर राहा. खातं बंद करण्याचा विचार आहे.' खातं बंद म्हणजे माझी सहा वर्षांची शेती गेली, पंचपद गेलं. पण खरं सांगतो, मला पहिली आठवण त्याची झाली नाही. खातं बंद झालं की कळपही पुसला जातो. मी मोहिनीला सगळं सांगितलं.

"टेम्पो गेला तेव्हा आबा कसे उभे होते, ते मी पाहिलंय," ती म्हणाली. "अहो, माझ्या घरात त्यांना दुसऱ्यांदा तसं उभं करू नका."

मी रात्रभर इंग्रजीतून माफीनामा घोकला.

रविवारी बैठक आहे एवढंच मामांना कळलं, तर त्यांनी सकाळीच आंघोळ करून ठेवणीतला पटका बांधला. काठी शेजारी ठेवून टीव्हीसमोर ताठ बसले. पडद्यावर सगळ्यांचे ट्रॅक्टर गोलाकार उभे होते. मी घसा खाकरून माफीनामा सुरू करणार, तेवढ्यात मामांनी मला थांबवलं.

"आधी त्यांना सांगा, एवढ्या रानांत मेंढरं बसली. पायलीभर बी धान्य कुणी दिलं न्हाई. ही कंची रीत?"

आरोपीच वसुलीला निघाला होता! मी माइकमध्ये इंग्रजीतून म्हणालो, "यांना फार वाईट वाटतंय."

मामांनी भुवया उंचावल्या. "मी एवढं बोललो अन् तुमी दोन शब्दांत उरकलं?"

मोहिनी शाळेत इंग्रजी शिकवते. तिने माझ्या डोक्यावरचा हेडफोन काढला, स्वतःच्या कानाला लावला आणि वडिलांचं म्हणणं शब्दाला शब्द सांगून टाकलं. मेंढरं का बसवतात, मालक काय देतो, सगळं. मी डोळे मिटून घेतले. मग पलीकडून युर्गन बोलू लागला, मधूनच मारेक बोलला, आणि मोहिनीचा चेहरा हळूहळू बदलत गेला. ती एकदा माझ्याकडे बघायची, एकदा पडद्याकडे.

"काय म्हणत्यात?" मामांनी विचारलं.

"आबा," मोहिनी हसू दाबत म्हणाली, "लांडगा सापडला."

झालं होतं असं. तक्रार मेंढरांची नव्हतीच! पंचांचं म्हणणं होतं की या खात्यावर दोन माणसं बसतात. दिवसाचा माणूस बांधावर थांबून हाळी देतो, जाताना फाटक लावतो आणि निघताना दोन शब्द बोलून जातो. मारेक रात्रपाळीहून आला की त्याच्याशी गप्पा मारत न्याहारी करतो. भाषा कळत नसली तरी त्याला बरं वाटतं. शिवाय मेंढरं बसली त्या रानाची माती सुधारलेली खेळातच दिसते, त्यामुळे बाकीचेही मेंढरांची वाट बघतात. पण संध्याकाळी त्याच खात्यावर कुणीतरी भयंकर माणूस येतो, हॉर्न वाजवतो, कुंपणं पाडतो आणि सगळ्यांवर खेकसतो. त्याला काढा आणि दिवसाच्या माणसाला ठेवा, एवढीच त्यांची मागणी होती.

मतदान झालं आणि मी एकमताने पडलो. त्या ब्राझीलवाल्याचा भाऊही त्या शिवारात आहे हे मला तेव्हा कळलं, कारण त्याने दोनदा मत द्यायचा प्रयत्न केला. माझं पंचपद मामांना गेलं. मारेकने गव्हाची एक ट्रॉली भरून मामांच्या शेडसमोर आणून ओतली.

मामांनी तो गहू पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं आणि जे हसू लागले ते थांबेनातच. हसता हसता पटका सुटला. मोहिनी हसत होती आणि पदराने डोळेही पुसत होती. माझं सगळं राज्य गेलं होतं, पण इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. मेंढरं राहिली. मी भिंतीला टेकून खालीच बसलो आणि मीही हसलो.

आता डब्यावर माझा हक्क उरलेला नाही. मेंढरांची दिवाळीपर्यंतची रानं ठरून गेली आहेत. पण मामा मनाने मोठे आहेत. त्या डीएलसीत दुसऱ्या कंट्रोलरवर मेंढपाळाचं कुत्रं चालवता येतं, तो कंट्रोलर त्यांनी आपणहून माझ्या हातात दिला. रोज संध्याकाळी मी कळपाच्या मागे मागे पळतो. पाहुण्यांना मामा कौतुकाने सांगतात, "जावईबापूंना भुकाया अजून नीट येत न्हाई, पण शिकतील."