दहापैकी सात

"कस्टमर केअरशी बोलायचं एक शास्त्र असतं!" सकाळी साडेनऊ वाजता मोजपट्टीने जाहीर केलं. "मोजकं बोलायचं, मुद्द्याचं बोलायचं आणि खरं बोलायचं. दहा मिनिटांत काम फत्ते!"

मोजपट्टी हे तिचं खरं नाव नव्हे. रसायनशास्त्राची पदवी हातात पडल्यापासून ही मुलगी चहात साखर तोलून घालायची, "जरा वेळाने येते" असं न म्हणता "सतरा मिनिटांत येते" म्हणायची आणि कहर म्हणजे सतराव्या मिनिटाला खरोखर यायची! म्हणून थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, तिचं हे बारसं केलं होतं.

त्या सकाळी दादाचा चेहरा मात्र बारशाचा नव्हता. एका मोठ्या हॉटेलच्या किचनमध्ये त्याला नोकरी लागली होती आणि दुपारी चार वाजता पहिल्यांदा हजर व्हायचं होतं. "कोट स्वच्छ नसेल तर दारातूनच परत!" अशी हेड शेफची ताकीद होती. हॉटेलने दिलेले दोन्ही पांढरे कोट या क्षणी वॉशिंग मशीनच्या पोटात होते. मशीन मध्येच बंद पडलं होतं. आत पाणी तुडुंब, आणि दार असं घट्ट बसलेलं की जणू तिजोरीचंच!

"दोन्ही कोट एकदम कशाला टाकलेस?" आईने विचारलं.

"हीच म्हणाली, अर्धं रिकामं मशीन चालवणं अशास्त्रीय आहे!"

मोजपट्टीने ते न ऐकल्यासारखं केलं आणि फोन लावला.

या घरात मिक्सर, फ्रिज, इस्त्री, मशीन, सगळं एकाच कंपनीचं. बावीस वर्षांची निष्ठा! मिक्सर तर मोजपट्टीपेक्षा वर्षाने मोठा. "तो बघ, कधी उलट बोलतो का?" असं आई तिला त्याचं उदाहरण द्यायची.

फोनवर अकरा मिनिटं बासरी ऐकल्यावर एक गोड आवाज आला. आवाजाने तक्रार लिहून घेतली, साडेअकरापर्यंत मेकॅनिक येईल म्हणून सांगितलं आणि आईच्या गुडघ्याचीही चौकशी केली, कारण आई मागून गुडघ्याच्या नावाने कण्हत होती. मग रेकॉर्ड केलेला आवाज म्हणाला, "आमच्या सेवेला एक ते दहापैकी गुण द्या."

मोजपट्टीने कागद ओढला. वाट पाहायला लावणं, तीन. आवाज, दहा. माहिती, आठ. सरासरी, सात. तिने सात दाबलं.

"अगं, दहा दाबून मोकळी हो!" आई म्हणाली. "मी बावीस वर्षं दहाच दाबत आलेय."

"म्हणूनच ते सुधारले नाहीत! दहा म्हणजे परिपूर्ण. आणि परिपूर्ण या जगात काही नसतं."

एवढ्यात दादा मशीनसमोरून ओरडला, "हे लाल काय आहे?"

तिघांनी काचेला नाकं लावली. कोटांच्या मधोमध एक लाल मोजा निवांत पहुडला होता.

"कुणाचा गं हा?"

"माझाच," मोजपट्टी पुटपुटली. "भार पुरेसा होत नव्हता, म्हणून टाकला..."

पाण्याला गुलाबी झाक आली होती. ही झाक मोजपट्टीच्या चांगल्या ओळखीची! कॉलेजच्या प्रयोगशाळेत थेंब थेंब टाकत बसायचं आणि अशी फिकट गुलाबी छटा दिसली की प्रयोग संपला म्हणायचं. इथे दादाची नोकरी संपणार होती.

साडेअकरा वाजले. मेकॅनिक नाही. बारा वाजता फोन आला.

"मॅडम, समाधान विभागातून बोलतोय. आपण सात गुण दिलेत. तीन का कापले?"

मोजपट्टीला धन्य वाटलं! आपल्या नोंदींची कुणीतरी कदर केली! तिने चौदा मिनिटं सरासरी समजावून सांगितली. मग विचारलं, "मेकॅनिक कधी येईल?"

"फाइल आमच्याकडे आहे ना, मॅडम. ग्राहकाचं समाधान झाल्याशिवाय पुढे पाठवता येत नाही."

"अहो, मशीन उघडल्यावरच समाधान होईल!"

"आणि समाधान झाल्यावरच मशीन उघडेल, मॅडम. आता कृपया माझ्या सेवेला गुण द्या."

हिशेब झाला सात पूर्णांक तीन. बटणांवर दशांश चिन्ह नव्हतं. तिने प्रामाणिकपणे सात दाबलं.

एक वाजता त्याच्या साहेबांचा फोन आला. दोन वाजता साहेबांच्या साहेबांचा. प्रत्येक जण आधीच्यापेक्षा जास्त नम्र, आणि पाणी आधीच्यापेक्षा जास्त गुलाबी!

"मोजपट्टे," दादा हात जोडून म्हणाला, "माझी नोकरी तुझ्या एका बटणावर आहे. दाब दहा!"

"खोटी नोंद करू?"

"कर की! एका नोंदीने विज्ञान बुडत नाही, मी बुडतोय!"

आईने नुसतं पाहिलं. त्या पाहण्यात बावीस वर्षं होती. मोजपट्टीने डोळे मिटले आणि दहा दाबलं.

एका मिनिटात बेल वाजली! दारात मेकॅनिक.

"इतक्या लवकर?"

"लवकर कसलं, ताई! साडेअकरापासून खालच्या बाकावर बसलोय. जिना चढायच्या आधीच मेसेज आला, 'थांबा, ग्राहक असमाधानी.' माझा डबासुद्धा तिथेच संपला."

त्याने मशीनखालची झाकणी उघडली, आतली दोरी ओढली, आणि दार उघडलं. फक्त अर्धं मिनिट! पाणी मात्र स्वयंपाकघरापर्यंत फिरायला गेलं. दोन्ही कोट बाहेर आले, लहान बाळाच्या तळव्यासारखे गुलाबी.

"रंग अगदी एकसारखा बसलाय," मोजपट्टीच्या तोंडून निघून गेलं.

आई तडक फोनकडे गेली. "आज बावीस वर्षांचा सोक्षमोक्ष लावते! यापुढे या कंपनीचा चमचासुद्धा घरात येणार नाही!"

पलीकडून सकाळचाच गोड आवाज आला. "काकू, गुडघा कसा आहे आता?"

आई थबकली. "अगं, बरा आहे," म्हणत ती हळूच खुर्चीत टेकली. दहा मिनिटांनी फोन ठेवला, तेव्हा नवीन इस्त्रीची ऑर्डर गेली होती.

"पोटच्या पोरांनी एकदा तरी विचारलं का?" ती म्हणाली आणि दहा दाबलं.

जुन्या इस्त्रीने कोट कसाबसा वाळवून दादा आरशासमोर उभा राहिला. "खरं सांग. दहापैकी किती?"

मोजपट्टीने मनात बेरीज केली. मग आईकडे पाहिलं. "दहा!" ती म्हणाली.

रात्री दादाचा फोन आला. "वाचलो! स्वच्छ आहे म्हणाले, रंगाची अट नव्हती. गुलाबी शोभतो म्हणून केकच्या टेबलामागे उभं केलं. शेवटी हेड शेफ म्हणाले, पहिल्या दिवसाला दहापैकी सात."

"सात म्हणजे उत्तमच रे!"

"हो, पण मी विचारलं, तीन का कापले?"

"मग?"

"आता भांडी घासतोय."