न्हाणीघरचा वायसर पालटिला त्याची हकीकत

थोर पुरुष पृथ्वीवर अवतरतात ते दुष्टांचे पारिपत्य करावयास. त्यांपैकीच एक गृहस्वामी, अखंडितलक्ष्मीअलंकृत, तिसऱ्या मजल्याचे धनी, हे घरचा शॉवर गळतो ऐसे आठ महिने ऐकून घेत होते. टपटप असा गनिमाचा नगारा अष्टौप्रहर वाजे, आणि दर शनिवारी स्वामी अभय देत की उदईक बंदोबस्त करितों.

मग एके रविवारी चहाचे समयी गृहस्वामिनींचा हुकूम सुटला की बारापावेतों गळती न थांबल्यास प्लंबरास पाचारण करावे. हा प्लंबर म्हणजे मागील मोहिमेंत स्वामींनी जातीने बसविलेला नळ पाहोन "साहेब, हे कोणी केलं?" ऐसे पुसोन पोट धरून हसला तोच. तो पुन्हा हसणार, आणि या खेपेस श्वशुरसाहेबांचा मुक्काम घरी, हे मनीं येतांच स्वामींनी कंबर बांधिली आणि पाना-पकड घेऊन न्हाणीघरावर चालून गेले.

प्रथम शत्रूची रसद तोडावी ऐसी मसलत करून माळ्याखालील कॉक आवळिला, आणि स्वयंपाकघरांतून गर्जना उठली, "अहो, माझ्या हाताला साबण आहे!" रसद स्वकीयांची तुटली ऐसे उमगले. मग दुसरा कॉक फिरविला, तो पुरता फिरला ऐसे मानिले, आणि शॉवरच्या कळीचा दांडा सैल करितांच गनिमाने ऐसी उसळी घेतली की स्वामींस सदऱ्यानिशी सचैल स्नान घडले.

दिवाणखान्यांतून श्वशुरसाहेबांनी वर्तमानपत्र न उतरवितां फर्माविले, "जावईबापू, आधी पाणी बंद करायचं असतं."

हा घाव वर्मी लागला. तरी स्वामींनी हिंमत न सोडितां कॉक दोन्ही हातीं आवळिला, दांडा उपसिला आणि त्याचे टोकीं झिजलेला वायसर, म्हणजे शर्टाच्या गुंडीएवढी रबरी चकती, तिजला फितूर ठरवून नवी आणावयास ओलेतेच बाजारी रवाना जाहले. हार्डवेअरवाल्याने पुसिले, "जुना आणलाय?" जुना आणिला नव्हता. मग माघार, मग तीन जिने, मग पुनरपि स्वारी, आणि जुना वायसर चिमटींत धरून दुकानदार वदला, "हाच होय? एवढ्यासाठी दोनदा आलात?"

बारास तीन मिनिटे उणी असतां नवा वायसर बसला, दांडा आवळिला, कॉक सोडिला, आणि सकल कुटुंब न्हाणीघराच्या उंबऱ्याशी श्वास रोखून उभे राहिले. थेंब पडला नाही. प्लंबरास करावयास उचलिलेला फोन गृहस्वामिनींनी खाली ठेविला. श्वशुरसाहेब मान हलवून बोलिले, "जमलं म्हणायचं." याहून थोर सनद त्या घराण्यांत आजवर कोणा जावयास मिळालेली नाही.

येणेंप्रमाणे रविवारी, दोन प्रहरीं, शत्रू नामोहरम जाहला. मग स्वामी विजयस्नानास गेले, दार लाविले, आणि नित्याप्रमाणे बादली खालच्या नळाला लाविली.

त्या घरांत शॉवरने कोणीच अंघोळ करीत नाही.