बाक नसलेली नळी

"बुडव... अजून खाली बुडव," बेसिनमधून आवाज आला आणि सुनेच्या हातातलं पातेलं दाणकन खाली पडलं.

"अहो आई! बेसिन बोलतंय!"

सासूबाई भिंतीला धरत आल्या. भोकातून गार, ओलसर वारा येत होता आणि त्यामागे कुणीतरी दमून श्वास सोडत होतं. दोघींनी एकमेकींचा हात घट्ट धरला. लग्नानंतर पहिल्यांदाच.

बोलत होता तो घरचाच माणूस, सुनेचा नवरा. मासे पाळायच्या टाक्यांचे आराखडे काढणं हा त्याचा धंदा. घरामागच्या शेडमध्ये नमुन्याच्या टाक्या होत्या. तिथे पंप बुडवताना तो स्वतःशीच पुटपुटत होता. नळीला बाक दिला की गाळ अडकतो, हे त्याच्या इतकं अंगी मुरलेलं, की घरातल्या बेसिनची नळीही त्याने सरळसोट शेडमधल्या गाळाच्या हौदात सोडली होती. पाणी साचून आवाज अडवणारा बाकच नाही, म्हणून आता इकडची कुजबुज तिकडे आणि तिकडची इकडे.

"आजच्या आज बाक बसवा, नाहीतर मी चालले माहेरी," बायको म्हणाली.

"उद्या त्या मासळीच्या तळ्यांच्या मालकीणबाई येतायत गं. त्या हो म्हणाल्या तर त्यांच्या सगळ्या तळ्यांचं काम आपलं. नाही म्हणाल्या तर धंद्याला कुलूप. ते होऊ दे, मग बसवतो."

मालकीणबाई आल्या. नवरा गेल्यापासून त्यांचा कशावर विश्वास म्हणून नव्हता. टाक्या पाहून त्या हौदाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "विचार करून कळवते."

याचा अर्थ न कळण्याइतका तो दुधखुळा नव्हता. त्याचं तोंड उतरलं.

तेवढ्यात हौदातून घोगरा, पोकळ आवाज आला, "देऊन टाक गं काम."

टाक्यांतले मासे एकदम थबकले. मालकीणबाई पांढऱ्याफटक पडल्या. "तू जरा बाहेर थांब," त्या पुटपुटल्या.

तो दाराबाहेर ताटकळला. आत बाई हळू आवाजात बोलत होत्या. मध्येच हसल्या. मग बराच वेळ नुसत्या ऐकत राहिल्या.

बाहेर आल्या तेव्हा डोळे ओले होते. "काम तुझं. पण एक अट. माझ्या स्वयंपाकघरापासून तळ्यापर्यंत अशीच नळी टाकायची. आणि बाक दिलास तर याद राख! माझ्या गुडघ्याचीसुद्धा चौकशी केली रे. उभ्या संसारात हे इतकं बोलले नव्हते."

तो धावतच स्वयंपाकघरात आला. "आई, कमाल केलीस! पण एवढा वेळ बोललीस तरी काय? आणि त्यांचा गुडघा तुला कसा माहीत?"

"कुणाचा गुडघा? मी एकच वाक्य बोलले. तेवढ्यात हिने घाबरून भोकात बोळा कोंबला."

बोळा तिथेच होता, घट्ट बसलेला. तिघं बघत असतानाच तो कुणी खालून फुंकावं तसा अलगद उचलला गेला आणि पुन्हा जागेवर बसला.

बायको दोन पावलं मागे सरकली. सासूबाईंनी मात्र स्टूल ओढलं, पदर सावरला आणि बेसिनजवळ बसल्या.

"बाकाचं राहू दे रे," त्या म्हणाल्या. "तुझे बाबा आहेत का तिथे, ते विचारून बघते."