दोन पांढऱ्या वाट्या

रविवारी दुपारी जेवणं झाली की त्या नवरा-बायकोचा खेळ ठरलेला असे. आयुष्यात जगावेगळं काय खाल्लंय ते आळीपाळीने सांगायचं, आणि ज्याचं आधी संपेल त्याने भांडी घासायची. आचारीबुवांनी तीस वर्षं जहाजावर रांधलेलं. त्यामुळे भांडी बहुतेक बायकोच्याच वाट्याला यायची.

"तळलेले टोळ," बुवा म्हणाले. "पाय तेवढे दातात अडकतात."

"खडू."

"तो मागच्या रविवारी झाला."

"तो पांढरा होता. हा निळा."

बुवा हसले. जुन्या चवी सांगणं सोपं होतं, कारण त्या डोक्यात होत्या. जिभेवर मात्र गेल्या वर्षीच्या तापापासून काही म्हणता काही उरलं नव्हतं. मीठ आणि साखर सारखीच. ज्याने जन्मभर दुसऱ्यांच्या रश्शांना नावं ठेवली, त्याने हे सांगायचं कोणत्या तोंडाने? शिवाय, कळलं तर ही बिचारी रांधणार कुणासाठी? म्हणून बुवा घासागणिक "वा" म्हणत आणि दरवेळी पुन्हा मागून घेत.

"टेबलावर गोड पेज ठेवलीय, निवायच्या आत घ्या," असं सांगून बायको दुसरी वाटी घेऊन बाहेरच्या खोलीत गेली. ती पुस्तकं बांधायची. वाचनालयाची सहा पुस्तकं चिकटवायच्या खळीची वाट बघत होती. पेजेची वाटी आणि खळीची वाटी एकाच जोडीतल्या होत्या, दोन्ही पांढऱ्या.

बुवांनी वाटी चाटूनपुसून साफ केली. "वा. आज पेज झकास जमलीय. अजून आहे का गं?"

बायको दारात आली. तिने रिकाम्या वाटीचा वास घेतला.

"गोडी कशी होती?"

"अगदी बेताची."

"अहो, त्यात कीड लागू नये म्हणून तुरटी होती. ती माझी खळ होती."

कसलेला माणूस सहजी हार मानत नाही. "माहीत होतं मला. खेळासाठी खाल्ली. पुढच्या रविवारची सोय."

"मग अजून कशाला मागितलीत?"

बुवांनी उलटा सवाल टाकला, "मग पेज कुठंय?"

दोघंही बाहेरच्या खोलीत धावले. सहा पुस्तकांच्या पाठींना पेज नीट, एकसारखी फासलेली होती आणि खिडकीपासून मुंग्यांची रांग लागली होती.

"मुंग्यांना तरी चव कळते," बायको म्हणाली.

पण बुवा तिच्या हाताकडे बघत होते. खळ बोटाला कळते, असं हीच तर चाळीस वर्षं सांगत आली होती.

"तुझ्या बोटांना कळलं नाही?"

तिने हात पाठीमागे घेतला. "थंडीपासून बधिर आहेत. सुई टोचली तरी समजत नाही. काम काढून घेतील म्हणून कुणाला बोलले नाही."

"माझी जीभ तापापासून गेलीय," बुवा म्हणाले. त्यांना फार वाईट वाटलं, आणि थोडं हलकंही.

बायको स्टुलावर बसली. मुंग्यांकडे बघत ती हळूच म्हणाली, "चिमटीत मीठ किती आलं ते मला कळत नाही हो. जेवताना सगळं खारट लागायचं. पण तुम्ही पडलात आचारी. तुम्ही वा म्हणालात, की वाटायचं, माझंच तोंड बिघडलं."

"कधीपासून खारट?"

"थंडीपासून."

"आणि तू रोज तेच खात होतीस?"

"तुम्ही दोनदा घ्यायचात. मी निदान एकदा तरी नको का खायला?"

बुवांनी ओलं फडकं आणलं आणि एकेका पुस्तकाची पाठ पुसायला घेतली. बायकोने मैदा पाण्यात कालवून चुलीवर चढवला. खळ जरा निवल्यावर तिने वाटी त्यांच्यापुढे धरली.

"बोट घाला आणि सांगा."

"गुठळी नाही. पातळ आहे जरा."

तिने अजून थोडी आटवली. संध्याकाळी आमटीत मीठ बुवांनी टाकलं, आणि चव बघून पुरे म्हणाली ती.