चार बोटं उंच

आमच्या जीपला उंचीची भीती वाटते, आणि आमचं गाव डोंगरावर आहे.

सुरुवातीला याचा त्रास झाला, मग अंगवळणी पडलं. घाटातून जाताना मी दरीकडचा आरसा मिटवून ठेवतो, म्हणजे तिला फक्त डोंगर दिसतो. पूल आला की तिच्याशी पीकपाण्याचं काहीतरी बोलत राहतो. एकदा एका नवख्या गॅरेजवाल्यानं चाक बदलायला तिला जॅकवर चढवलं, तर भर उन्हाळ्यात वायपर सुरू झाले आणि दोन्ही दिवे मिटले ते संध्याकाळपर्यंत उघडले नाहीत. तेव्हापासून मी तिला दस्तगीर मेस्त्रींकडेच नेतो. त्यांच्याकडे खड्डा आहे. जीप जमिनीवर राहते आणि मेस्त्री खाली उतरतात.

त्यामुळे जीप उचलून उंच करायची का, हा प्रश्न मी आपणहून कधी काढला नसता. तो शालनमुळे निघाला. शालन माझी बायको.

घाटातल्या शेवटच्या वळणावर, रस्त्याच्या अगदी मधोमध, आडोबा बसलेला आहे. पूर्वी तो नुसता धोंडा होता. माझ्या आजोबांच्या बैलगाडीचा आस त्याच्यावर आदळून मोडला, आजोबा घाबरले, आणि त्यांनी त्याला शेंदूर फासून नारळ फोडला. त्यानंतर त्याला पहार लावायची सोय राहिली नाही. जीपमध्ये एकटा माणूस असला तर ती आडोबावरून सुखरूप जाते. दोघं बसले की चाकांवरचे पाटे दबतात आणि जीपचं पोट देवाच्या डोक्याला घासतं. हे दोघांनाही बरं नाही. म्हणून तिथं एकानं उतरून चालायचं, आणि पलीकडे जाऊन पुन्हा बसायचं. गाडी मी चालवतो, म्हणून शालन उतरते. लग्न झाल्यापासून ती तिथं उतरत आलेली आहे. पिशव्या घेऊन उतरली, दळणाचा डबा घेऊन उतरली, चिखलात उतरली. एकदा तिच्या हातात जिवंत कोंबडा होता.

यंदा ती भाऊबीजेला घाटाखाली माहेरी गेली आणि परत आली नाही. मी फोन केला.

"आडोबावरनं बसून न्हेनार असाल तर येते," ती म्हणाली. "न्हायतर मी हितंच बरी हाय."

"अगं, चार बोटांचा तर प्रश्न हाय."

"मग चार बोटांचं बघा," म्हणून तिनं फोन ठेवला.

त्या दिवसांत मी जे खाल्लं त्याला जेवण म्हणता येणार नाही. मला शालनची आठवण येत होती. भाकरीची वेगळी येत होती. शेवटी मी जीप दूर सावलीत उभी केली आणि एकटाच मेस्त्रींच्या खड्ड्याशी जाऊन हळू आवाजात विषय काढला.

"पाट्यांखाली ठोकळे टाकले की चार बोटं उचलेल," दस्तगीर मेस्त्री खड्ड्यातूनच म्हणाले. "मोठं काम न्हाई. वळणावर जरा कलेल. चढायला वैनींना पाय जास्त उचलावा लागंल. पर सर्जेदादा, तिला इचारलं का?"

"शालनला?"

"गाडीला."

मी नाही म्हणालो. मेस्त्रींनी पान्हा खाली ठेवला. "बॅटरी काढली की ती झोपती. झोपेत मी बसवून दीन. पर जागी झाल्यावर तिला सगळं खाली गेल्यालं दिसनार. गोठा खाली, दार खाली, तुमी खाली. मग ती वायपर लावनार आनि डोळे मिटून बसनार. तेवढं तुमचं तुमी बघा."

ही अडचण मी सरपंच दिनकरअण्णांच्या कानावर घातली. अण्णा विचारी माणूस. त्यांनी सुपारी कातरत बराच वेळ ऐकून घेतलं.

"उंची म्हंजी काय सर्जेराव," ते म्हणाले, "शेजारच्यापेक्षा वर. शेजारचं बी तेवढंच वर गेलं, तर कोन कुनापेक्षा उंच? समदं गावच चार बोटं वर घेऊ. तिला कळायचं कारन न्हाई."

ग्रामसभा बोलावली. कोणाच्याही घरातली सून अशी माहेरी बसून राहणं गावाला शोभत नाही, यावर एकमत झालं. "गावातलं सगळं चार बोटं वर घ्यावं" असा ठराव अण्णांनी मांडला. आमच्याकडे पुरुषांत सर्वांत बुटका जो बापू, त्यानं हरकत घेतली. सगळेच वर जाणार असतील तर माझा फायदा काय, असं त्याचं म्हणणं होतं. अण्णांनी समजावलं की हे काम फायद्यासाठी नाही. बापूनं विचार करून पाठिंबा दिला, पण तोंड पाडून.

कामाला सुरुवात झाली. दारांच्या चौकटी उचलल्या, ओट्यांवर फरशीचा आणखी एक थर बसला, तारेच्या कुंपणाचे खांब उपटून पुन्हा रोवले. म्हशींना चपला घालता येईनात, म्हणून गोठ्यांत मुरमाची भर टाकली. कोंबड्यांकडे जीप लक्ष देत नाही, तेव्हा त्यांना वगळलं. माणसांसाठी जुन्या टायरचे थर एकावर एक शिवून जाड तळाच्या चपला केल्या. बापूनं स्वतःपुरता एक थर जास्त लावून घेतला होता, तो सभेनं काढायला लावला.

सगळं झाल्यावर मेस्त्रींनी बॅटरी काढली, ठोकळे बसवले आणि बॅटरी परत जोडली. जीपनं दिवे उघडले. तिनं गोठा पाहिला, दार पाहिलं, मला पाहिलं. अण्णांच्या चपलेचा तळ तिच्याच जुन्या टायरचा होता. तो तिनं ओळखला, असं मला वाटलं. पण उंचीचं तिला काही जाणवलं नाही. अण्णांनी कपाळावरचा घाम पुसला आणि मी शालनला आणायला निघालो.

घाटाखालच्या गावात सगळं जुन्या उंचीचं होतं, याची मला धास्ती होती. ती व्यर्थ ठरली. खालचं गाव खालीच दिसायचं, एवढी समज जीपला आहे.

शालननं जीपकडे पाहिलं. मग माझ्या चपलांकडे पाहिलं. "वाढलाय काय?" म्हणाली.

"तुझ्यासाठीच," मी म्हणालो.

पाय उचलून आत चढायला तिला कष्ट पडले, पण ती बसली. मांडीवर पिशवी घेऊन, पदर नीट खोचून, अगदी ऐटीत बसली. घाट चढताना मी गाणं गुणगुणत होतो. शेवटचं वळण आलं. मी वेग कमी न करता गाडी आडोबावर घातली, आणि पोट घासल्याचा तो ओळखीचा आवाज आला.

खाली उतरून वाकून पाहतो तर देवाखाली नवा कोरा सिमेंटचा चौथरा. जाताना मी एकटा होतो, घासलं नाही, म्हणून तो ध्यानात आला नव्हता. शेजारच्या झाडाखाली गुरव सोपानमामा नारळाची शेंडी काढत बसले होते.

"मामा, हे कुनी केलं?"

"म्या केलं," सोपानमामा म्हणाले. "ठरावात सगळं वर घ्यायचं हुतं. समदा गाव वर, म्हशी वर, तो बापू वर, आन् देव खाली ठिवायचा व्हय? उद्या गावावर काय आलं तर जबाबदार कोन?"

मी पुन्हा बसून गाडी मागं घेतली. शालन सवयीनं पिशवी घेऊन उतरली आणि जीपच्या पुढ्यातून निघाली. तिथंच घात झाला. आडोबाच्या आसपास असलेल्या आम्हा सगळ्यांत जुन्या उंचीची ती एकटीच होती. जीपनं तिला पाहिलं, आणि स्वतः किती वर आहे ते तिला कळलं. वायपर सुरू झाले. दिवे मिटले. बॉनेट थरथरायला लागलं.

शालन थांबली. तिनं पिशवी खाली ठेवली आणि बॉनेटवर हात ठेवून उभी राहिली. मग माझ्याकडे वळली.

"हिला भ्या वाटंल म्हनून तुमी समदं गाव उचललं?"

"व्हय."

"आनि हिला कशापायी उचललं?"

"तुला हितं उतराय लागू नये म्हनून."

"एकानं उतरलं तर ही जाती?"

"जाती की. पयल्यापासनं जाती."

"मग तुमी उतरा."

मला आधी ते कळलंच नाही. "मी उतरलो तर चालवनार कोन?"

"मी," शालन म्हणाली. "भावाचा ट्रॅक्टर मी लगीन व्हायच्या आधीपासनं चालवते."

सोपानमामांनी नारळ बाजूला ठेवला. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी आडोबाकडे पाहिलं. हा मुद्दा ग्रामसभेत आलाच नव्हता, एवढं मी नम्रपणे नोंदवतो. चर्चा भरपूर झाली होती. म्हशींवर तर अर्धा दिवस गेला होता.

मी उतरलो आणि शालन चढून माझ्या जागेवर बसली. जीपला म्हणाली, "तू डोळं मीट. मी बघते." वायपर थांबले. जीप मिटल्या दिव्यांनी आडोबावरून गेली, आणि कुठं काही घासलं नाही. मला वाटलं पलीकडे ती थांबेल. मी तिच्यासाठी नेहमी थांबत असे. ती थांबली नाही. पिशवी रस्त्यातच राहिली होती, ती मी उचलली.

गाव अजून चार बोटं वरच आहे. पाहुणे उंबऱ्याला अडखळतात, आणि आम्ही त्यांना पाणी देतो. जीपचे ठोकळेही काढले नाहीत. शालनसोबत तिला आता फारशी भीती वाटत नाही. खाली जायचं असलं की दोघी जातात, आणि मला न्यायचं झालं तर मी आडोबापाशी उतरतो. दळणाचा डबा माझ्याकडे असतो. टायरच्या चपला खडीवर फार घसरतात, हे बसून जाणाऱ्याला कळत नाही. हल्ली दरीकडचा आरसाही मिटवलेला नसतो. मी मागं किती राहिलो आहे, ते त्यात त्या दोघींना दिसतं.