भिंतीतलं दार

पाहुण्याला संडासाचं दार दिसलं की घराचं सौंदर्य संपलं, असं आर्किटेक्टचं ठाम मत होतं. म्हणून स्वतःच्या घरातल्या एकुलत्या एका संडासाचं दार त्यानं भिंतीत बेमालूम मिसळून टाकलं. ना कडी, ना चौकट, नुसती पांढरीशुभ्र भिंत. ठरावीक जागी दाबलं की दार हळूच पुढे यायचं. ती ठरावीक जागा आईला मात्र काही केल्या सापडेना. शेवटी तिनं जुन्या घरातली पितळी मूठ सुताराकडून दारावर बसवून घेतली आणि सुखी झाली.

आज सुंदर घराच्या स्पर्धेचे परीक्षक येणार होते. परीक्षक म्हणजे त्याचे कॉलेजातले सर. त्यानं सकाळीच मूठ काढली, भोकात पुट्टी भरली आणि वरून रंगाचे दोन हात मारले.

"अरे, आणि मी काय धरू?" आईनं विचारलं.

"आजच्या दिवस भिंतीला धर ना."

"भिंतीला हात लावू नको म्हणतोस, भिंतीला धर म्हणतोस. एक काय ते ठरव."

सर आले. खोलीखोलीत "वा!" म्हणाले. सुनेनं दिलेला चहा दोनदा घेतला. मग हळू आवाजात म्हणाले, "जरा आत जाऊन यावं म्हणतो."

आर्किटेक्टनं ऐटीत भिंत दाबली. दार हललं नाही. रंग फटीत शिरून दार घट्ट चिकटलं होतं. त्यानं तळवा लावला, मग खांदा लावला. भिंतीवर पाच बोटं तेवढी उमटली आणि त्याला बक्षीस डोळ्यांदेखत दूर जाताना दिसू लागलं.

"काय शुद्ध रेषा आहे!" सर म्हणाले, पण पाय जुळवून.

"शेजारी विचारू का?" सून म्हणाली. "पण त्यांच्याकडे कुलूप दिसतंय."

"कुणी काही बोलू नका," सर कळवळले, "नुसतं उघडा!"

तेवढ्यात आईनं उशीखाली जपून ठेवलेली मूठ आणली, ओल्या पुट्टीत खुपसून पिळली आणि हिसका दिला. दार करकरत उघडलं. सर "वा!" न म्हणताच आत गेले.

बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता. त्यांनी मुठीवरून प्रेमानं हात फिरवला.

"सर, ती लगेच काढतो," आर्किटेक्ट ओशाळून म्हणाला.

"खबरदार! बक्षीस तुलाच देणार आहे, पण मुठीसकट. जन्मभर सौंदर्य शिकवत आलो, कळलं मात्र आज." मग आईकडे वळून त्यांनी हात जोडले. "ताई, तुमचे उपकार विसरणार नाही."

सर गेले आणि आर्किटेक्टनं स्क्रू ड्रायव्हर उचलला. आई धास्तावून बघत राहिली. त्यानं घाईघाईनं मूठ पक्की आवळली.

"एवढी कसली रे घाई?" आईनं विचारलं. "आणि असा वाकडातिकडा का उभा आहेस?"

"सकाळपासून रंग वाळायची वाट बघतोय!" म्हणत त्यानं मूठ ओढली आणि तो आत नाहीसा झाला.

थोड्या वेळानं आतून अगदी मनापासून आवाज आला, "आई, फार उपकार झाले गं तुझे!"