व्याख्यात्याचं पोट

शनिवारी सकाळी मी ठरवलं, की आपलं पोट दुखतंय ही गोष्ट घरात कुणालाही कळू द्यायची नाही.

एरवी माणसाचं पोट दुखलं तर तो कण्हतो, ऑफिसला दांडी मारतो, मऊ भात मागतो. मला ती सोय नव्हती. रविवारी दहा वाजता हेब्बाळच्या आमच्या अपार्टमेंटच्या क्लबहाउसमध्ये माझं व्याख्यान होतं आणि विषय होता ‘पोटदुखी: समजून घ्या, लपवू नका’.

नेदरलँड्समध्ये सार्वजनिक आरोग्य शिकून, तिथली बरी नोकरी सोडून मी आठ महिन्यांपूर्वी बंगळूरला परतलो, तो आयुर्वेद आणि आधुनिक वैद्यक यांना एका बाकावर बसवायला. (दोघांनीही मला बोलावलं नव्हतं.) असोसिएशनचे सेक्रेटरी अप्पासाहेब म्हणाले होते, “एक करून दाखवा. लोकांना आवडलं तर वर्षभर दर रविवार तुमचा.” आणि नाही आवडलं, तर बायकोशी झालेल्या करारानुसार सोमवारपासून मी नोकरी शोधायची होती. बायको, म्हणजे मनस्विनी, इंदिरानगरच्या ऑफिसात जाते आणि घर चालवते. मी देश चालवायच्या तयारीत होतो.

गुपित पहिल्या दोन डोशांपर्यंत टिकलं.

“तिसरा नको?” आत्या तव्यापासून वळली. आम्ही तिला रत्नाक्का म्हणतो. “मने, याला काहीतरी होतंय गं!”

“काही नाही अक्का. भूक नाहीये.”

“तुला? हॉलंडातून फोन करायचास तेव्हा पहिलं वाक्य भूक लागलीय असायचं.”

“कुठे दुखतंय?” मनस्विनीनं विचारलं.

“कुठेच नाही.”

“मग हात कुठे ठेवलायस?”

“विचार करतोय.”

“पोटावर हात ठेवून?”

तेवढ्यात अक्कानं ओवा आणि सैंधव माझ्या तळहातावर ठेवलंसुद्धा. ते चघळत, प्रिंटआउट काढायच्या आहेत असं पुटपुटत मी निसटलो.

कोपऱ्यावर एक दवाखाना आहे. डावं दार वैद्य पद्मावतींचं, उजवं दार त्यांचे पती डॉक्टर गुरुराज यांचं, आणि मधे एकाच टेबलाशी गंगव्वा दोन्हीकडचे नंबर लावत बसते. माझ्या भाषणाची दुसरी स्लाइड ठळक अक्षरांत सांगते: एका डॉक्टरचं औषध दुसऱ्यापासून लपवू नका. पण उद्या दहाला उभं राहायचं होतं. दोन्हीकडची औषधं घेतली तर दुप्पट वेगानं बरं वाटेल आणि सांगितलं तर एकजण नक्की घेऊ देणार नाही, असा मी शास्त्रीय विचार केला. (एवढी फी भरून हेच शिकलो.)

आधी डावं दार. पद्मावतींनी नाडी पाहिली, जीभ पाहिली.

“जेवल्यावर वाढतं?”

“नाही.”

“ताप, उलटी? पोट साफ होतं?”

“ताप नाही, उलटी नाही. साफ होतं.”

“मग दुखतं कधी?”

“भाषणाची तालीम करताना.”

“हं. दुसरीकडे औषध चालू आहे?”

“अजिबात नाही.” (त्या क्षणी हे खरं होतं.)

त्यांनी चिठ्ठीवर हिंग्वाष्टक चूर्ण लिहिलं, पण कपाळावरची आठी गेली नाही. “मला हे नीट पटत नाहीये. संध्याकाळी पुन्हा दाखवा.”

मी बाहेर आलो आणि गंगव्वा पाणी प्यायला वळताच उजव्या दारात घुसलो. तेच प्रश्न, तीच उत्तरं.

“दुसरीकडे औषध?” गुरुराजांनी विचारलं.

“छे, छे!”

दार उघडलं. “अण्णा,” गंगव्वा मला म्हणाली, “अम्मांची चिठ्ठी तुमच्या खिशातून पडली.”

गुरुराजांनी ती चष्म्याजवळ धरली. “अक्षर ओळखीचं आहे. आमची भाजीची यादी याच अक्षरात येते. पद्मा!”

पद्मावती आल्या.

“हे म्हणतात, कुणाकडे गेलोच नाही.”

“मला म्हणाले, आणखी कुठे काही चालू नाही.”

“म्हणजे तुलाही फसवलं? मग ठीक आहे. मला वाटलं मी एकटाच.”

“उद्या ‘लपवू नका’ सांगणारे हेच ना?” पद्मावती माझ्याकडे पाहत म्हणाल्या. “आम्ही दोघंही येणार होतो.”

मला तपासणीच्या टेबलावर आडवं केलं गेलं. गुरुराजांनी दुखरी जागा बोटानं दाबली. “आता मान उचला. वाढलं?”

“आई गं! हो.”

“पोट कडक केल्यावर जास्त दुखतं, म्हणजे बहुतेक आतलं नाही. वरचे स्नायू आहेत. व्यायाम काय करता?”

“काहीच नाही.”

“मग ती तालीम करून दाखवा,” पद्मावती म्हणाल्या.

मी उठलो, ताठ झालो. “मित्रहो, पोट हा आपल्या आरोग्याचा...”

“थांबा! पोट आत का ओढलंत?”

आता लपवण्यात अर्थ नव्हता. लिफ्टमध्ये लावलेल्या व्याख्यानाच्या पोस्टरवरचा माझा फोटो चार वर्षांपूर्वीचा होता, मी स्वतः स्वयंपाक करत होतो तेव्हाचा. गेले आठ महिने तो रत्नाक्का करत होती. म्हणून फोटोशी जुळण्यासाठी मी तीन दिवस, रोज चार-चार तास, आरशासमोर पोट आत ओढून बोलत होतो.

गंगव्वा पदर तोंडात कोंबून बाहेर पळाली.

“निदान?” गुरुराजांनी बायकोला विचारलं.

“तेच. चूर्ण रद्द.”

“माझीही गोळी नको. गरम पाण्याची पिशवी.”

“आधी कोमट तिळाचं तेल, हलक्या हातानं. आणि पोट स्वल्प सैल सोडायचं.”

“पण ताप आला, उलटी झाली, दुखणं वाढलं, तर भाषण बुडवून आधी इकडे यायचं. आणि येताना एकाच दारानं.”

आयुर्वेद आणि आधुनिक वैद्यक यांचं असं संपूर्ण एकमत मी आयुष्यात प्रथमच पाहिलं. ते माझ्या ढेरीवर झालं.

रविवारी क्लबहाउसमध्ये साठ माणसं होती. मनस्विनी पहिल्या रांगेत, दोन्ही डॉक्टर तिसऱ्या. मी माइक धरला, पोट सोडून दिलं आणि स्लाइड न लावता शनिवारची हकिकत जशी घडली तशी सांगितली. मधूनमधून कोणतं दुखणं घरी सांभाळावं, कोणतं नाही, डॉक्टरांपासून काय लपवू नये, तेही सांगत गेलो. लोक खुर्च्यांवरून घसरत होते. रत्नाक्का शेजारणीला सांगत होती, “माझाच स्वयंपाक, माझाच!”

शेवटी अप्पासाहेब डोळे पुसत स्टेजवर आले. “सरी, ठरलं! एकमतानं पास. वर्षभर, दर रविवार.”

मी मनस्विनीकडे पाहिलं. तिनं चक्क टाळ्या वाजवल्या. देश सुधारायला मला बावन्न रविवार मिळाले होते.

“फक्त एक आहे,” अप्पासाहेब माझ्या कानाशी आले. “हॉलच्या वेळापत्रकात आरोग्याला जागा नाही. म्हणून तुम्हाला हास्य क्लबात घातलंय.”

“चालेल,” मी म्हणालो.

“आणि ते मधेमधे माहिती सांगता ना, तेवढं कमी करा. हसणं तुटतं.”